संस्कृती घुलेचा एकुलता एक हंगाम

संस्कृती घुले लहानपणी हडपसरच्या मळ्यात ट्रॅक्टर चालवायची. मळ्यावर आयटी पार्क उभं राहिलं, ट्रॅक्टर विकला गेला, आणि कॉलेजात असताना ती गो-कार्टच्या ट्रॅकवर जाऊन मुलांना हरवू लागली. वडील आप्पासाहेब आधी चिडले. मग एकदा स्वतः बघून आले आणि बायकोला म्हणाले, "तुळजे, पोरगी वाऱ्यावानी जाती. अडवून उपेग न्हाई."

२००५ साली खडकीतल्या एका रेसिंग संघाने तिला फॉर्म्युला गाडीच्या हंगामासाठी घेतलं. या गाडीला छप्पर नसतं, चाकं उघडी असतात, बैठक एकट्या चालकापुरती. संघाचा दुसरा चालक तेजस. व्यवस्थापक दत्तप्रसाद करंदीकर सदाशिव पेठेतले, कडक इस्त्रीचे, गोड बोलून टोचणारे.

कोइमतूरच्या पहिल्या शर्यतीत ती पाचवी आली. शर्यतीबद्दल कुणी काही विचारलं नाही. फोटोवाले म्हणाले, "मॅडम, हेल्मेट काढा, केस मोकळे सोडा." तिला वाटलं, अशीच रीत असेल.

मग प्रायोजक मिळाला. गोरं करणाऱ्या क्रीमची कंपनी.

संस्कृती चांगली सावळी. ती दत्तप्रसादांना म्हणाली, "सर, माझ्या तोंडाकडे बघून कोण घेणार हे क्रीम?"

"तोंडाची काळजी ते घेतील. तू गाडी चालव."

प्रायोजकाशिवाय गाडी जागची हलत नाही, हे तिला कळत होतं. तिने सही केली.

महिन्याभरात हडपसरच्या गाडीतळ चौकात मोठा फलक लागला. बाजारातून आलेल्या तुळजाबाई पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, "आगं, त्या फलकावर कोन हाय? डोळं तुझं, कातडं दुसऱ्याच बाईचं." संस्कृती स्कूटर काढून बघायला गेली. फलकावरची बाई दुधात बुडवून काढल्यासारखी पांढरी होती. स्वतःचाच चेहरा बघून तिला शिसारी आली.

चेन्नईच्या शर्यतीला कंपनीने मेकअपवाली पाठवली. तिने संस्कृतीच्या चेहऱ्यावर क्रीमचा जाड थर दिला.

"हेल्मेटच्या आत कोण बघणार आहे?"

"शर्यत संपल्यावर काढशीलच ना," दत्तप्रसाद म्हणाले. "कॅमेरे तेव्हाच असतात."

चेन्नईचं ऊन, अंगात जाड सूट, डोक्यावर हेल्मेट. अर्ध्या शर्यतीत क्रीम घामात वितळून डोळ्यांत उतरलं. त्या वेगात हात सोडून डोळे पुसता येत नाहीत. सरळ रस्ता संपून वळण आलं ते तिला धुरकट दिसलं. ब्रेक उशिरा लागला, गाडी ट्रॅकच्या कडेला रचलेल्या टायरच्या भिंतीत घुसली आणि पुढचं चाक उखडून उडालं. जिवावरचं मनगटावर निभावलं.

मनगटाला बर्फ लावून ती बसली होती. शेजारीच दत्तप्रसाद पत्रकारांना सांगत होते, "दमली बिचारी. मुलींना एवढ्या फेऱ्या जड जातात."

पत्रकार गेल्यावर ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांत क्रीम गेलं होतं. ते सांगा त्यांना."

"प्रायोजकाचं नाव अपघाताला जोडू? अक्कलही ट्रॅकवरच सांडलीस काय?"

तेजस तिथेच उभा होता. तिचे लालभडक डोळे त्याने पाहिले होते. तो बुटांची नाडी बांधत राहिला.

शेवटच्या शर्यतीआधी संस्कृतीने नळाखाली साबणाने तोंड धुतलं आणि मेकअपवालीला सांगितलं, "आज हात लावलात तर गाडीत तुम्हीच बसा." त्या दिवशी तिने जीव तोडून गाडी पळवली. अखेरच्या फेरीत तेजसला मागे टाकून ती दुसरी आली. चषक हातात घेऊन हसताना तिचा फोटो निघाला तेव्हा चेहऱ्यावर काजळी होती, गालांवर हेल्मेटचे वळ. प्रेक्षकांत आप्पासाहेब फेटा उडवत ओरडत होते. आपला एवढा एक फोटो घरात लावायचा, असं तिने ठरवलं.

आठवड्याने पेपरात तोच फोटो आला, जाहिरात म्हणून. चषक तोच, हसू तेच, पण काजळी पुसलेली आणि कातडी पांढरीफटक. खाली छापलं होतं: 'तिच्या यशाचं गुपित.' संस्कृती भरल्या ताटावरून उठली आणि मोरीत जाऊन ओकली.

दुपारी तिने खडकीला जाऊन रेसिंगचा सूट दत्तप्रसादांच्या टेबलावर टाकला.

"रुसू नकोस. पुढच्या वर्षी तेजसचं इंजिन तुला देतो."

"इंजिन चांगलंच असेल, सर. तुमची किळस येते मला."

"किळस येणारे पुष्कळ असतात. जाहिरात मात्र चालू राहील, करार आहे," असं म्हणत त्यांनी सूट नीट घडी घालून कपाटात ठेवला.

संस्कृती चाकणच्या एका मोटार कारखान्यात नव्या गाड्यांची चाचणी घेण्याच्या कामाला लागली. काम तिला आवडलं. शर्यतीच्या ट्रॅकवर मात्र ती पुन्हा गेली नाही. काही वर्षांनी तेजसचा फोन आला. आता संघ तो सांभाळत होता.

"संस्कृती, नव्या मुलींची शर्यत ठेवलीय. झेंडा दाखवायला येशील?"

"येईन. आधी चेन्नईला काय झालं होतं ते तुझ्या नावानिशी पेपरात छापून आण."

तो म्हणाला, "बघतो."

फोन पुन्हा आला नाही. झेंडा कुण्या नटीने दाखवला.