इब्राहिमभाई आणि त्यांचा ‘खालचा’

फोन आला तेव्हा मी क्लासमधल्या एका मुलीवर ओरडत होतो. तिने चालू कॉम्प्युटरचा प्लग उपटला होता. “मास्तर, इब्राहिमचाचा गेले,” खाडीकाठच्या राजिवडा मोहल्ल्यातून त्यांचा शेजारी सलीम सांगत होता, आणि मी त्याला विचारलं, “कुठे?” ज्या माणसाने इतकी वर्षं रत्नागिरी सोडून कुठे जायचं नाव काढलं नाही, तो गेला म्हटल्यावर माझ्या तोंडून दुसरं काय निघणार! सलीमने तेच पुन्हा सांगितलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला... पहाटेची फजरची नमाज पढून घरी आले, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. त्यांची एकुलती एक मुलगी रुबीना दोहाहून विमानाने मुंबईला आणि तिथून गाडी करून इथे पोचली, तोवर सगळं आटोपलं होतं. आता त्यांचा चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला. लोक मला अजून विचारतात, कॉम्प्युटर क्लासवाल्या जोश्याचं आणि जहाजावरच्या त्या म्हाताऱ्याचं असं काय मेतकूट होतं? खरं सांगायचं तर आम्ही सात-आठ वर्षं भांडत होतो, आणि तेही एकाच गोष्टीवरून.

इब्राहिमभाई मालवाहू जहाजांवर सुकाणी होते. सुकाणी म्हणजे कप्तान सांगेल त्या दिशेला जहाज धरून ठेवणारा माणूस. सगळा जन्म त्यांनी त्या चाकापाशी उभं राहून काढला होता. निवृत्त होऊन आले तेव्हा बायको नव्हती, मुलीचं लग्न होऊन ती नवऱ्याबरोबर दोहाला गेलेली. तिला ईमेल पाठवायचा म्हणून ते माझ्या क्लासमध्ये पहिल्यांदा आले. तेव्हा गावात इंटरनेट असलेली ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ईमेल जाईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. शेजारच्या मशीनवर माझा एक विद्यार्थी विमान चालवायचा खेळ खेळत बसला होता. इब्राहिमभाई हात पाठीमागे बांधून त्याच्या मागे उभे राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “पोरा, तुजा विमान डावीकडं भटकतंय. समोर होकायंत्र हाय ना? मग बघ की त्याच्याकडं.” त्या दिवशी रुबीनाचा ईमेल दोन ओळींत उरकला आणि गृहस्थ दुपारपर्यंत माझ्या खुर्चीवर. महिन्याभरात मी त्यांना घरी मशीन जोडून दिलं. जावयाने आखातातून जॉयस्टिक पाठवली. राजिवड्यातल्या त्या खाडीकडच्या खोलीत एक लाकडी पलंग, एक टेबल आणि त्यावरच्या पडद्यात दोन इंजिनांचं भलंथोरलं प्रवासी विमान... असा संसार सुरू झाला.

त्यांची उडवण्याची रीत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. असल्या विमानांत ऑटोपायलट असतो. एकदा दिशा सांगितली की विमान आपलं आपण जातं, माणसाने खुशाल डबा उघडून जेवावं. इब्राहिमभाईंना त्याचा मनस्वी तिटकारा. मुंबई ते दोहा सगळा रस्ता ते हाताने कापत. दिशा बदलायची झाली की आधी नकाशातली दिशा कप्तानाच्या हुकमासारखी मोठ्याने वाचत, मग तोच हुकूम सुकाण्याच्या आवाजात परत म्हणत, आणि मगच जॉयस्टिक हलवत. पण वेगाला मात्र हात लावत नसत! तो त्यांनी ऑटोथ्रॉटलवर सोडलेला. आपण वेग ठरवून द्यायचा, आणि तो राखण्यासाठी इंजिनाची ताकद कमीजास्त करायचं काम ही यंत्रणा करते. इब्राहिमभाईंनी तिचं नाव ‘खालचा’ ठेवलं होतं. जहाजावर इंजिनघर तळाशी. वरचा माणूस सुकाणू धरतो, वेग सांभाळतो तो खालचा, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात बोट घालायचं नाही, हा त्यांचा धर्म. ताकद वाढली की विमानाचं नाक आपोआप वर उचलतं, ते हाताने दाबून धरावं लागतं. ताकद उतरली की नाक पडतं, मग ते सावरायचं. नवशिका यातच घामाघूम होतो. इब्राहिमभाई मात्र खुशीत येत. नाक जरा उचललं की म्हणत, “बघ मास्तर, खालचा जागा हाय.”

हा सगळा उपद्व्याप रिकामपणाचा उद्योग आहे असं मी समजत होतो. खरी गोष्ट त्यांनी मला वर्षभराने सांगितली, तीही मान खाली घालून सुकवलेल्या कोळंबीचे सोडे निवडता निवडता. समुद्रात कसल्याही वादळाला न भ्यालेला हा माणूस विमानाला घाबरत होता. एकदा जहाजावर रुजू व्हायला कंपनीने त्यांना विमानाने पाठवलं होतं. वाटेत विमान आदळलं, आपटलं, माणसं रडायला लागली. “तेचा काय नाय,” ते म्हणाले, “दर्या काय कमी आपटतो? पन तिकडं सुकानू कोनाच्या हातात हाय ता दिसतंच नाय रे. दार लावून बसतात. आपुन आपले मागं पिशवीसारके.” त्यानंतर ते मुंबई बंदरातून सुटणारं जहाज असेल तरच कामावर जात. नोकरी तशी निभावली, पण मुलीकडे दोहाला माणसं नेणारं जहाज मुंबईहून थोडंच सुटतं! रुबीनाच्या पहिल्या बाळंतपणाला आई नव्हती, तिला निदान बाप तरी जवळ हवा होता. तिकीट काढलं गेलं, बॅग भरली गेली, आणि इब्राहिमभाई मुंबईच्या विमानतळाच्या दारातून परत फिरले. तेव्हापासून रुबीनाचं एकच मागणं होतं. ती दर दोन वर्षांनी सुट्टीला यायची, नातवाला आजोबांच्या मांडीवर बसवायची, आणि जाताना म्हणायची, “अब्बा, एकदा माझ्या घरात जेवायला या हो.” त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. एकदा खेळातलं ते विमान माझ्या हाताने दोहाला नीट उतरलं, की दुसऱ्याच्या हातावर भरवसा ठेवीन आणि येईन.

आणि तेच होत नव्हतं... विमान धावपट्टीपर्यंत असं देखणं आणत की बघत राहावं. सुकाण्याचा हात तो, रेषेवरून केसभर हलत नसे. पण चाकं टेकायच्या वेळी नाक उचलून वेग मारावा लागतो, आणि त्या खेळातल्या खालच्याला तर वेग राखायचा हुकूम दिलेला! वेग जरा उतरला की तो इमानेइतबारे इंजिन रेटायचा. विमान धावपट्टीवर हातभर वर तरंगत तरंगत दुसऱ्या टोकाला जायचं आणि वाळवंटात घुसायचं. उपाय अगदी सोपा होता. टेकण्याआधी एक बटण दाबून ऑटोथ्रॉटल बंद करायचा. मी ते पहिल्या दिवसापासून सांगत होतो. “इंजनात हात घालायचा नाय,” ते म्हणत, “ता सुकान्याचा काम नाय.” मी म्हणे, “अहो, पण थांब म्हणून त्याला कुणीतरी सांगायला नको?” “कप्तान सांगतो. घंटा देतो खाली. इंजन स्टॉप म्हनतो.” “इब्राहिमभाई, इथे कप्तानही तुम्हीच आणि सुकाणीही तुम्हीच!” यावर ते माझ्याकडे असे बघत, जणू मी त्यांना दुसऱ्याचा कोट चोरून घालायला सांगतोय. “मी कप्तान नाय, मास्तर. मना कोनी हुकूम दिला तर मी करीन.” मग मीच हुकूम दिला. हसले नुसते. “तू? तू तर मास्तर.”

एकदा माझा संयम सुटला. विमान तरंगायला लागलं तशी मी त्यांच्या खांद्यावरून हात घालून बटण दाबलं. त्यांनी तिथल्या तिथे खेळ बंद केला, पडदा काळा. “जहाजावर असतास तर पुढच्या बंदरात उतरवला असता तुला,” एवढंच बोलले आणि आठवडाभर क्लासकडे फिरकले नाहीत. आठव्या दिवशी सोड्यांची पुडी घेऊन आले, जसं काही झालंच नव्हतं. मीही मग पुडी घेऊन बायकोला दिली आणि पुन्हा वाद घालायला लागलो. हा माणूस एका बटणासाठी अडून बसलाय की त्या बटणामागे आपली भीती लपवून बसलाय, असं मी त्यांना तोंडावर विचारलंय. ते रागावले नाहीत. खिडकीतून खाडीकडे बघत म्हणाले, “दोन्ही असंल.” इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर भांडायचं तरी कसं?

रुबीनाचा फोन शुक्रवारी यायचा. मी असलो की मलाही दोन शब्द बोलायला लावायची. गेल्या वर्षी तिने नवं घर घेतलं, त्यात अब्बांसाठी वेगळी खोली ठेवली, खिडकीतून समुद्र दिसतो म्हणाली. इब्राहिमभाई तिला समुद्राचा रंग, भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा सगळं विचारत बसले. येतो की नाही, तेवढं बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, “विचारते ती. लय अदबीने विचारते पोर.” मी म्हटलं, मग जा की! त्यांनी जॉयस्टिक हातात घेतली आणि मुंबईहून निघाले. ते विमानही वाळवंटात गेलं.

चाळिसाव्यानंतर रुबीनाने मला घरी बोलावलं. सामानाची आवराआवर चालली होती. तिला ते मशीन बघायचं होतं. अब्बा दर फोनला सांगायचे तो खेळ म्हणजे नक्की काय, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं, कारण ती आली की इब्राहिमभाई त्याच्यावर चादर टाकून ठेवत. मी लावून दिलं. दोहाची धावपट्टी समोर दिसते तिथून पुढचा रस्ता त्यांनी साठवून ठेवला होता, तोच उघडला. ती पलंगावर बसली, मी खुर्चीवर, आणि विमान सांभाळता सांभाळता मी तिला सगळं सांगितलं. खालचा कोण, कप्तान कोण, सुकाणी का थांबतो, कुणाच्या हुकमाची वाट बघतो... ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, “काका, मी तर नेहमी विनंतीच करत राहिले. या ना, जमलं तर या, तब्येत सांभाळून या... बापाला दुसरं कसं बोलायचं?” माझा हात इब्राहिमभाईंइतका सुरेख नाही, विमान डुलत डुलत खाली येत होतं. धावपट्टी आली, मी नाक उचललं, आणि खालच्याने नेहमीसारखं इंजिन रेटलं. विमान तरंगायला लागलं.

माझं बोट बटणापाशी होतं, पण मला ते दाबवेना. मागून रुबीना उठून उभी राहिल्याचं कळलं. या खोलीत मी तिचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. ती मोठ्याने म्हणाली, “अब्बा, इंजन स्टॉप!”

मी बटण दाबलं. आवाज पडला, नाक हळूच खाली आलं, चाकं टेकली. विमान धावत गेलं, मंदावलं आणि धावपट्टीच्या मधोमध उभं राहिलं. मग तिने पुढे वाकून पडद्यावर उजव्या बाजूला, जिथे नुसती पिवळी जमीन दाखवलेली होती, तिथे बोट ठेवलं.

“इथून आमचं घर जवळच आहे, काका,” ती म्हणाली.