अण्णांचा उजवा कान

"गप्प! सगळे गप्प!" असं ओरडून अण्णा टेबलावर पंजा आपटायचे. स्क्रू उडायचे, चहाचे ग्लास कलंडायचे, दारात उभं असलेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरायचं. मग त्या शांततेत ते समोरचा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून उजव्या कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. इतका वेळ डरकाळ्या फोडणारा माणूस एकदम तापातल्या पोराच्या छातीला कान लावणाऱ्या बापासारखा दिसायचा.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी पुण्याहून बंगळुरात आलो आणि जयनगरमधल्या एका लहानशा दुकानात लॅपटॉप दुरुस्तीच्या कामाला लागलो. तेव्हा लॅपटॉप म्हणजे बड्या लोकांची चीज. जड, काळा, तापट. त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असायची, मशीन किंचाळतं. कधी हार्ड डिस्क शिट्टी घालायची, कधी पंखा, कधी पडद्यामागच्या दिव्याला वीज पुरवणारी बोटाएवढी पट्टी. आवाज इतका बारीक की निम्म्या लोकांना ऐकूच यायचा नाही. ज्यांना यायचा त्यांचं डोकं उठायचं. अशी सगळी मशीनं अण्णांकडे, त्यांच्या उजव्या कानाकडे जायची; डाव्याला बारीक आवाज पकडता यायचा नाही.

अण्णा निपाणीकडचे. घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि राग दोन्हीत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा हात तोंडाच्या आधी चालतो. त्यांनी मालकाच्या दिशेने फोन फेकला होता. मीटर पाडायला नकार दिला म्हणून एका रिक्षावाल्याला रिक्षातून बाहेर ओढला होता. एकदा माझ्या कानाशेजारून पक्कड गेली आणि भिंतीला खळगा पडला. "लागली न्हवं? मग रडतोस कशाला पुणेकर? डिस्क चालू असताना मशीन हलवलंस तर पुढची लागंल." संध्याकाळी त्यांनीच मला बिसी बेळे भात खायला नेलं आणि आग्रहाने दोनदा वाढायला लावलं.

एक साहेब रोज यायचे. म्हणायचे, लॅपटॉप बरोबर ठरावीक वेळी चिरकतो. अण्णांनी मशीन तीनदा उघडून मिटलं. शेवटी साहेबांच्या बॅगेच्या तळातून त्यांनी एक विसरलेलं डिजिटल घड्याळ काढलं, टेबलावर ठेवलं आणि हातोड्याच्या एका घावात त्याचा भुगा केला. "आवाज गेला. पुढचा कोण हाय?" साहेब भुग्याकडे बघत राहिले. आम्ही आतल्या खोलीत तोंडात रुमाल कोंबून हसलो.

पण मला सांगायचंय ते मल्लेश्वरमच्या घराबद्दल.

तिथे एक भाऊ-बहीण राहायचे. चार पिढ्या बंगळुरात काढलेलं मराठी घर. भाऊ चाळिशीचा, निर्यातीच्या धंद्यातला, लॅपटॉप त्याचा. बहीण पंचविशीची. आई गेल्यापासून तिचं मन थाऱ्यावर नव्हतं, गोळ्या चालू होत्या. भावाने लॅपटॉप उघडला की ती कानांवर हात दाबून खोलीतून पळायची. कोणीतरी कानात सुई खुपसतंय म्हणायची. भावाला काहीच ऐकू यायचं नाही. दुखणं वाढलंय असं त्याने ठरवलं होतं आणि तिला दवाखान्यात ठेवायची बोलणी चालली होती. आमच्याकडे मशीन दोनदा आलं, दोन्ही वेळा आमच्या टेबलावर मुकं राहिलं.

तिसऱ्या वेळी अण्णा स्वतः त्यांच्या घरी निघाले. मीही बरोबर होतो.

भावाने मशीन सुरू केलं. आम्ही बसून राहिलो. कॉफी आली, गार झाली. बहीण दारात उभी होती, खांदे आवळून. आणि एकदम तिने कान झाकले. "आला. दादा, आला बघ."

"पुन्हा सुरू झालं हिचं!" भाऊ उठला आणि त्याने तिच्या थोबाडीत मारली. आमच्यासमोर. आवाज असा झाला की स्वयंपाकघरातली बाई बाहेर आली. त्याने दुसऱ्यांदा हात उचलला तो खाली आलाच नाही. अण्णांनी मनगट धरलं होतं. ते पिरगळत त्यांनी त्याला गुडघ्यावर आणलं.

"गप्प," अण्णा हळू आवाजात म्हणाले. त्यांचं ते हळू बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. तसंच मनगट धरून त्यांनी मान लॅपटॉपकडे झुकवली. डोळे मिटले. मग बहिणीकडे वळून म्हणाले, "बरोबर हाय ताई. मलाबी येतोय. तुला काय झालं न्हाई. रोग मशीनला हाय."

ती भिंतीला टेकून खाली बसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी हो म्हटलं होतं.

भाऊ मनगट चोळत उठला. "दोघांना ऐकू येतो आणि मला नाही? सिद्ध करून दाखवा. नाहीतर पोलिसात जातो, घरात शिरून मारहाण केली म्हणून."

"संध्याकाळी दुकानात ये. पडद्यावर लाट दाखवतो," अण्णा म्हणाले. दुकानात ऑसिलोस्कोप होता. माइक लावला की आवाजाची लाट त्याच्या हिरव्या पडद्यावर दिसायची. प्रश्न एवढाच होता की हा आवाज लहरी होता. मशीन बंद केलं की पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. अण्णांनी स्वतःचाच नियम मोडून चालू लॅपटॉप, झाकण अर्धवट ठेवून, टॉवेलात गुंडाळला आणि बॅगेत घातला. "बॅटरी हाय तोवर पोचू. चल."

त्या आठवड्यात टीव्हीवरच्या उर्दू बातम्यांवरून शहर पेटलेलं होतं. दगडफेक, जळलेली टायर, अर्धी दुकानं बंद. रोज नवी अफवा. रिक्षा नव्हत्या. जी बस मिळाली ती खचाखच भरलेली होती. अण्णा मधोमध उभे होते, बॅग छातीशी धरून. मॅजेस्टिक बसस्टँडच्या अलीकडे बस गर्दीत अडकली, इंजिन बंद पडलं, आणि त्या शांततेत, टॉवेलात तापून चढलेला तो आवाज बॅगेतून मलाही ऐकू आला. बारीक, ताणलेला, न थांबणारा.

शेजारच्या माणसाने बॅगेकडे पाहिलं. मग अण्णांच्या चार दिवसांच्या दाढीकडे. "बाँब!" तो ओरडला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बायकांच्या किंकाळ्या, दाराशी चेंगराचेंगरी. अण्णांना कॉलर धरून रस्त्यावर ओढलं. "होडीरी!" कोणीतरी म्हणालं. म्हणजे हाणा. आणि लोकांनी हाणलं. लाथा, छत्र्या, कोणाच्या हातात पाण्याच्या पाइपचा तुकडा. ज्यांना दोन मिनिटांपूर्वी बाँबची भीती वाटत होती तेच आता बॅगेवर वाकून मारत होते. मी हिंदीत ओरडत होतो, "कंप्यूटर है, कंप्यूटर!" हिंदी ऐकून ते आणखी भडकले. त्यातच माझं मनगट मोडलं.

अण्णा मारत नव्हते. मी वाट बघत होतो की आता उठतील, दोघाचौघांना लोळवतील. ती ताकद त्यांच्यात होती. पण ते बॅगेभोवती गोळा होऊन पडले होते, दोन्ही हात तिच्याखाली घालून. तो पाइप त्यांच्या डोक्याच्या उजव्या बाजूवर बसला. एकदा, पुन्हा एकदा.

शेवटी बसचा म्हातारा कंडक्टर शिट्टी फुंकत त्यांच्या अंगावर आडवा पडला. त्याने बॅग ओढून झाकण उघडलं. पडदा उजळला. निळ्या पडद्यावर आकड्यांच्या ओळी. "कंप्यूटर कणो!" कंप्यूटर आहे रे, असं तो रडवेल्या आवाजात ओरडला.

गर्दी थबकली. कोणीतरी हसलं. मग माणसं एकेक करून नाहीशी व्हायला लागली. मारणाऱ्यांपैकीच एकाने अण्णांची दूर उडालेली चप्पल शोधून आणली आणि त्यांच्या पायाशी नीट ठेवली. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. चारचौघांसारखा होता.

अण्णा इस्पितळात असताना मी एका हाताने ते मशीन दुकानात लावलं. ते तापायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी, पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला तेव्हा लाट उभी राहिली. दाट, टोकदार. मी फोन करून भाऊ-बहिणीला बोलावलं. उजेड वाढवला की लाट मावळायची, कमी केला की यायची. भाऊ माझ्या खांद्यावरून बघत होता. बहीण डोळे मिटून पाठमोरी बसली आणि म्हणाली, "आला... गेला... आला." एकदाही चुकली नाही. मग तिने वळून काचेवर त्या लाटेला बोट लावलं आणि हुंदके देऊन रडली. भाऊ तिच्या खुर्चीमागे नुसता उभा राहिला. तिला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. पडद्यामागची पट्टी मी बदलली. दवाखान्याची बोलणी बंद झाली.

भाऊ सफरचंदं घेऊन इस्पितळात आला. अण्णांचं डोकं पट्ट्यांत होतं. त्यांनी पडल्यापडल्याच त्याची कॉलर धरली आणि त्याला खाली ओढला.

"ताईची माफी मागितलीस काय?"

"मागितली."

"मोठ्यानं सांग. मला ऐकू येईना."

"मागितली अण्णा!" भाऊ ओरडला. वॉर्डातले सगळे बघायला लागले. मला वाटलं, अण्णा त्याची जिरवतायत. मी हसलोसुद्धा.

ते महिन्याभराने कामावर आले. पहिल्याच दिवशी एक मशीन आलं, हार्ड डिस्क इतकी किंचाळत होती की दुकानाच्या मालकानेही कानांवर हात ठेवले. अण्णांनी पंजा आपटला, सगळ्यांना गप्प केलं, मशीन उजव्या कानाशी नेलं. डोळे मिटले. आम्ही थांबलो. ते किंचाळत होतं आणि अण्णा ऐकत होते. शेवटी त्यांनी ते खाली ठेवलं. "हिला काय न्हाई. परत कर."

मशीन टेबलावर किंचाळतच होतं. त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. मग त्यांनी मूठ वळली आणि स्वतःच्याच कानावर हाणायला सुरुवात केली. दण, दण. मी प्लास्टरमधून नुकत्याच सुटलेल्या हाताने त्यांचं मनगट धरलं. ते माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचे. पण त्यांनी ते सोडवून घेतलं नाही.

नंतर काही महिने आम्ही जोडीने काम केलं. मी ऐकायचो, आवाज चढला की त्यांचा खांदा दाबायचो, उतरला की सोडायचो. त्यांनी कोणावर काही फेकलं नाही. ते फेकत नाहीत याचंच आम्हाला वाईट वाटायला लागलं. एका सोमवारी ते आले नाहीत. बायकोच्या माहेरी, देवनहळ्ळीला गेल्याचं कळलं. तिथे द्राक्षाचा मळा होता.

मी एकदाच भेटायला गेलो. त्यांनी घडांवरची पानं बाजूला करून द्राक्षं दाखवली, कोंबडी कापली, चुलत मेव्हण्याला पाण्याच्या पाळीवरून शिव्या घातल्या. बरं वाटलं. घरून निघताना त्यांची बायको माझ्या कानाशी म्हणाली, "तिकडं बसस्टँडवर नका नेऊ त्यांना. गर्दी दिसली की घामानं भिजतात. तेव्हापासनं बसमधी चढले न्हाईत."

मी नको नको म्हणत असताना ते आलेच. बंगळूरची बस आली आणि लोक दारावर तुटून पडले. अण्णांचा सदरा पाठीला चिकटला होता. मग त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी हिसकावली, कोपराने दोघांना ढकललं, एकाला शिवी हासडली आणि आत घुसले. मी कसाबसा चढलो तेव्हा ते खिडकीजवळच्या सीटवर हातपाय पसरून बसले होते, कोणालाही टेकू देत नव्हते. चेहरा पांढराफटक.

"बस पुणेकर," ते म्हणाले, आणि मला बसवून गर्दी कापत उतरले.

बस सुटली. मी खिडकीतून मागे पाहिलं. रस्त्याच्या कडेला ते गुडघ्यांवर हात टेकून, वाकून श्वास घेत होते.