चींटीवाला कोण

आई व्यंगचित्रं काढायची हे आमच्या घरातल्या तिघांपलीकडे कोणालाही माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं ही तिचीच इच्छा होती. हे लिहायला बसण्याआधी मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण नाव कोणाचंच घालू नकोस. त्याचंही नको." त्याचं म्हणजे त्या पत्रकाराचं.

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. सरोजिनी नगरमध्ये आम्हाला क्वार्टर होतं. ऑफिसात बाबांची ओळख गप्प माणूस अशी होती. घरी मात्र जेवायला बसले की त्यांना सगळा दिवस सांगायचा असायचा. कोणत्या साहेबांनी कोणाला किती वेळ उभं ठेवलं, कोणाची फाइल कोणाच्या पाठीमागे कशी फिरली, हे सगळं ते नकला करून सांगायचे. आई हसत हसत वाढायची. दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं की जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ती ते सगळं काळ्या पेनानं काढायची. लग्नाआधी तिनं पुण्यात चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या होत्या. दिल्लीला आल्यावर तिचा हात दिवाळीच्या रांगोळीपुरता उरला होता.

मी नोएडाला नोकरीला लागले आणि आठवडाभर तिथे राहू लागले तेव्हा तिला स्मार्टफोन घेऊन दिला आणि चित्रं टाकण्यासाठी एक निनावी खातं उघडून दिलं. सहीच्या जागी ती एक बारीक मुंगी काढायची. चित्राखालची ओळ हिंदीत असे, कारण बघणारे सगळे हिंदीवाले. हळूहळू ती चित्रं एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरायला लागली आणि लोक त्या अनोळखी चित्रकाराला 'चींटीवाला' म्हणायला लागले. 'वाली' असेल अशी शंका एकालाही आली नाही. आई त्यावर खूश होती. "बरंच आहे की," ती म्हणायची. "शोधायला निघाले तरी बाप्यांमध्येच शोधतील."

बाबा तिला एवढंच सांगायचे की आमच्या मंत्रालयाचं वाटेल असं काही नको. मग ती चेहरे बदलायची, मजले बदलायची, साहेबांना मिश्या लावायची.

एका जूनमध्ये बाबांच्या ऑफिसातला एक ड्रायव्हर मेला. कंत्राटी होता. आदल्या दिवशी थोडा उशीर झाला म्हणून साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. त्या दिवशी तो वेळेच्या आधीच हजर झाला. साहेबांची बैठक कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका इमारतीत होती. झाडाखालची जागा मोठ्या साहेबांच्या गाड्यांसाठी राखीव, म्हणून गार्डनं त्याला तिथून हुसकलं. साहेब कधीही बाहेर येतील म्हणून तो गाडी सोडून लांब जाईना. दुपारभर उन्हात तापलेल्या गाडीत बसून राहिला. बैठक संपल्यावर साहेब मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चलो." गाडी हलली नाही. ते पुन्हा म्हणाले, "अरे, चलो भाई."

हे सांगताना बाबांनी नक्कल केली नाही. ताटावरून तसेच उठले.

आईनं दुसऱ्या दिवशी तेच काढलं. मागच्या सीटवर फोनमध्ये डोकं घातलेले साहेब, पुढे स्टिअरिंगवर मान टाकलेला माणूस, त्याच्या टोपीवरून चाललेली मुंगी, मागे बैठकीची इमारत, झाडाखाली गार्ड, साहेबांच्या तोंडी दोनदा 'चलो'. खाली लिहिलं, 'टाइम पर आने की शिक्षा.' या वेळी तिनं काहीच बदललं नव्हतं.

मी ते ऑफिसात पाहिलं आणि जिन्यात जाऊन तिला फोन लावला. "अगं आई, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. पनिशमेंटला ते सज़ा म्हणतात."

"अय्या, हो की! मग काढून टाकू?"

पण तोवर ते हजारो फोनांत पोचलं होतं. लोकांना ती चूक वाटलीच नाही, त्यांना ती धारदार कोटी वाटली. ड्रायव्हरांनी त्याच्या प्रती गाड्यांच्या काचांवर चिकटवल्या. वर्तमानपत्रांनी ड्रायव्हरचं घर शोधून काढलं. मंत्रालयात चौकशीची भाषा सुरू झाली आणि त्याच्या बायकोला कामावर घ्यायची फाइल हलली असं बाबांनी आम्हाला सांगितलं. ते सांगताना त्यांनी आईकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी आधी कधी पाहिली नव्हती.

मग चॅनलवाल्यांनी दुसराच प्रश्न धरला. चींटीवाला कौन है?

तो पत्रकार आमच्या घरचाच झाला होता. विदर्भातला मुलगा, इंग्रजी पेपरात नोकरी, दिल्लीत एकटा. कोपर्निकस मार्गावर मराठी मंडळाच्या गणपतीत आईशी ओळख झाली, आणि मेसच्या राजम्याला कंटाळलाय म्हटल्यावर आईनं त्याला रविवारी जेवायला बोलावलं. पुढे तो अधूनमधून येतच राहिला. आईला काकू म्हणायचा, आमटी तीनदा मागून घ्यायचा.

त्या चित्रानंतरच्या रविवारी तो आला तोच खुशीत. जेवता जेवता म्हणाला, "काका, मला कळलंय."

"काय कळलंय?"

"शिक्षा. सगळे म्हणतात काय भारी कोटी आहे यार. कोटी नाहीये ना ती! मराठी माणूसच सज़ाला शिक्षा म्हणणार. आणि ती बैठक, तो गार्ड, दोनदा म्हटलेलं 'चलो', हे तुमच्या सेक्शनबाहेर कोणाला माहीत नव्हतं. तुमच्या सेक्शनमध्ये मराठी तुम्ही एकटे."

बाबांनी घास खाली ठेवला. "मी नाही."

"तुम्ही असंच म्हणणार हे मला माहीत होतं."

"अरे, खरंच मी नाही. मला साधा आंबा काढता येत नाही."

तो हसला. आई आमटीचं पातेलं घेऊन तिथेच उभी होती. तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही, फक्त वाटी पुढे केली.

बाबा म्हणाले, "समजा, तो माणूस आमच्या ऑफिसात आहे. तू नाव छापलंस आणि त्याची नोकरी गेली तर?"

"काका, एवढे लोक पाठीशी आहेत. हात लावायची हिंमत कोणाची होणार नाही. आणि लपून बोललेल्याला वजन नसतं. नाव आलं की वजन येतं. लोकांना हक्क आहे जाणून घ्यायचा."

"कशाचा हक्क? ड्रायव्हर कसा मेला ते त्यांना कळलंय. चित्र कोणी काढलं ते कळून त्यात काय भर पडणार?"

तो म्हणाला, "मी नाही छापलं तर दुसरं कोणीतरी छापेल, आणि वाईट छापेल. मी चांगलं लिहीन. मनापासून."

ते खरं होतं. त्यानं चांगलंच लिहिलं. बुधवारच्या पेपरात बाबांचा गणपतीतला फोटो होता, हातात आरतीचं तबक. साधा, निगर्वी सरकारी नोकर, दिवसभर फाइली आणि संध्याकाळी ही तीक्ष्ण लेखणी, असं सगळं. बाबांनी नाकारल्याचं त्यानं लिहिलं होतं, पण असं की तो त्यांचा विनय वाटावा. 'पत्नी आग्रहानं वाढत होती' असं एक वाक्य आईबद्दल होतं.

दहा वाजेपर्यंत कॉलनीत कॅमेरे आले. शेजारच्यांनी आपापल्या बाल्कनीतून आमच्या बाल्कनीकडे बोट करून दाखवलं. बाबा मागच्या गल्लीतून ऑफिसात गेले आणि दुपारी परत आले. निलंबनाचा आदेश सोबत होता. ज्यांच्या काचांवर ते चित्र होतं त्यांनी आठवड्याभरात काचा पुसल्या. ड्रायव्हरबद्दल बोलणं म्हणजे बाबांच्या बाजूनं बोलणं असा अर्थ ऑफिसात झाला, आणि त्याच्या बायकोची फाइल थांबली. टीव्हीवर ड्रायव्हरचा फोटो दिसेनासा झाला. बाबांचाच दिसायचा.

घरात पहिल्यांदा मोठ्यानं भांडण झालं.

आई म्हणाली, "मी सांगते. कॅमेऱ्यासमोर बसून काढून दाखवते."

"आणि मग? तुला ते आतलं कोणी सांगितलं म्हणून विचारतील. ऑफिसची माहिती बाहेर दिल्याचा आरोप माझ्यावरच येणार. आत्ता निदान मी खरं तेच सांगतोय, की मी काढलं नाही. ते कोणाला सिद्ध करता येणार नाही."

"तोवर तुम्ही घरी बसणार?"

"बसेन."

आई रडत म्हणाली, "आणि लोक तुम्हाला फोन करून म्हणतात, काय लाइन आहे तुमची! तुम्ही ऐकून घेता."

"काय करू मग? थँक्यू म्हणू?"

"काहीही म्हणू नका."

हे तिनं त्याआधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. भीती तिला होतीच. पण तिच्या रेषा कोणीतरी उचलून नवऱ्याच्या हातात दिल्या होत्या आणि ती तक्रारही करू शकत नव्हती, हे तिला जास्त लागलं होतं. त्या दिवसापासून तिनं पेन हातात घेतलं नाही. खातं बंद केलं.

चौकशी लांबत गेली. एका सुनावणीत अधिकाऱ्यानं बाबांसमोर कोरा कागद सरकवला. "एक गाड़ी बनाइए." बाबांनी काढली. अधिकारी कागद आडवा-उभा फिरवून बघत राहिला आणि म्हणाला, "ये तो मेरा पोता भी बना ले." बाबांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही तिघंही हसलो. बऱ्याच महिन्यांनी. आता सुटतील असं वाटलं.

ती हकीकत पत्रकाराच्या कानावर गेली आणि तो आला. या वेळी फोन करून, परवानगी घेऊन. बाबा वकिलाकडे गेले होते. तो बसला नाही. आईकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही."

आईनं उठून बाहेरचं दार लावलं.

"माझ्यामुळे काकांचं हे झालं. मला चूक दुरुस्त करायची आहे. खरं नाव छापतो, माफी मागतो. तुम्हाला तुमचं श्रेय मिळेल, काकांचं नाव साफ होईल."

"साफ होणार नाही," आई म्हणाली. "मला सगळं ह्यांनी सांगितलं एवढंच सिद्ध होईल. आज ते सुटतील असं दिसतंय. तू छापलंस तर अडकतील."

"पण खोटी बातमी तशीच ठेवायची?"

"ती तू छापलीस. तिचं ओझं तू वागव."

तो खाली बघत म्हणाला, "तुम्हाला कधीच वाटलं नाही, लोकांना कळावं?"

"वाटलं. खूप वाटलं. पण कधी आणि कोणाला सांगायचं हे मी ठरवणार होते. ते तू घेतलंस. आता परत आणून देता येतंय का तुला?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तो रडत होता. आईनं त्याला पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही. जाताना म्हणाला, "तुमचं नाव नाही छापणार. प्रॉमिस."

त्यानं शब्द पाळला, अक्षरश: पाळला. पंधरवड्यानं त्याचा लांबलचक लेख आला, स्वत:च्या चुकीबद्दल. निनावी माणसाला उघडं पाडताना पत्रकारानं काय विचार करायला हवा, उतावीळपणा कसा नडतो, वगैरे. त्यात एक वाक्य होतं: चित्रं त्या अधिकाऱ्यानं काढलेली नाहीत, ती त्याच्या अगदी जवळच्या व्यक्तीनं काढली आहेत, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेखातर मी नाव देत नाही.

घरात माणसं तीन. मी नोएडाला पेइंग गेस्ट राहायचे. हे शोधायला कोणाला फार डोकं लावावं लागलं नाही.

लेखाचं खूप कौतुक झालं. किती प्रामाणिक, आजकाल चूक कोण कबूल करतं, असं लोक लिहीत होते. चौकशी अधिकाऱ्यानं ते कात्रण फाइलला लावलं. आईला बोलावून विचारलं. ती खोटं बोलायला तयार होती. बाबांनीच तिला बोलू दिलं नाही. म्हणाले, "पुरे झालं आता." कार्यालयीन माहिती अनधिकृत व्यक्तीला, म्हणजे पत्नीला, दिल्याचा आरोप सिद्ध धरला गेला. नोकरी गेली नाही. वेतनवाढी रोखल्या, बढती गेली आणि त्यांना तळमजल्यावरच्या एका खोलीत बसवलं. तिथे काम नव्हतं. रिटायर होईपर्यंत ते रोज डबा घेऊन तिथे जात राहिले.

घरी आल्यावर ते ऑफिसबद्दल एक शब्द बोलत नसत. आईनं सुरुवातीला विचारून पाहिलं, "आज काय झालं?" ते म्हणायचे, "काही नाही." आणि खरंच काही झालेलं नसायचं. पुढे तिनं विचारणं सोडलं. जेवताना टीव्ही चालू असे. दोघं एकमेकांवर चिडलेले नव्हते. पण बोललेलं बाहेर जाऊन काय होतं ते दोघांनी पाहिलं होतं.

ड्रायव्हरच्या बायकोला काम मिळालं की नाही, बाबांनी एकदा जुन्या सहकाऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "छोड़िए ना सर." ती गावी गेली असं मागाहून कळलं.

बाबा रिटायर झाल्यावर आम्ही गाझियाबादला फ्लॅट घेतला. दुसऱ्याच हिवाळ्यात ते गेले, छातीच्या दुखण्यानं. मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. बोलायला उभे राहिलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी त्या चित्राचा उल्लेख केला. दुसरा लेख कोणी वाचला नव्हता, वाचला असला तरी लक्षात नव्हता. दिल्लीतल्या मराठी माणसानं एका ओळीत सरकारला हलवलं, अशी लेखणी पुन्हा होणे नाही, असं मंडळाचे एक जुने पदाधिकारी म्हणाले. खाली उतरल्यावर ते आईसमोर वाकून म्हणाले, "वहिनी, फार मोठा कलावंत गेला हो."

मी काही बोलणार तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. तिनं त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "हो. आलात, बरं वाटलं."

बाहेर टॅक्सीत बसल्यावर मी चिडून विचारलं, "का नाही सांगितलंस? आता कशाची भीती आहे?"

"भीती नाही गं," ती म्हणाली. "ह्यांच्याकडे त्याखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं."

मग तिनं खिडकीची काच खाली केली आणि ड्रायव्हरला आश्रम चौकावरून नको, दुसऱ्या रस्त्यानं घे म्हणून सांगितलं, तिकडे या वेळी फार जाम असतो.