इंजिनघरामागचं कढत पाणी

ठाण्याला खाडीजवळच्या एका कारखान्यात आमचे हे डिझेल इंजिनावर होते. इंजिनघराला लागूनच आमची क्वार्टर. दिवसभर त्या इंजिनाची घरघर ऐकून मला पेंग यायची, आणि मांडीवरची दीड महिन्याची लेकही गाढ झोपायची. पन्नास सालानंतरची गोष्ट. अजून डोळे मिटले की ती घरघर ऐकू येते.

इंजिनाला टर्बोचार्जर होता. तो हवा दाबून आत कोंबायचा. यांनी मला सांगितलं होतं, हवा दाबली की तापते, सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला चटका देतो ना, तशी. तापलेली हवा विरळ, तिनं इंजिनाचं पोट भरत नाही, मग ते काळा धूर ओकतं. म्हणून ती हवा आधी गार पाण्याच्या नळ्यांवरून न्यायची. मी हो हो म्हटलं. मला मेलीला त्यातलं एवढंच आवडलं, की हवेची ऊब घेतलेलं ते पाणी मागच्या भिंतीतून आमच्या दाराशीच बाहेर पडतं.

पौषात ते नुसतं कोमट यायला लागलं. भिंतीबाहेर पाइपाला व्हॉल्व्ह होता. अंघोळीआधी लेकीला तेल-हळद चोळून झाली की तशाच हातांनी मी तो थोडा आवळायची. धार बारीक झाली की पाणी छान कढत येई. वाफेत लेक हसायची. परत सैल करायचं भान कोणाला! दुसऱ्या दिवशी आणखी थोडा.

तिकडे इंजिन धूर ओकायला लागलं, लोड घेईना. यांनी फिल्टर धुतलं, नॉझल काढून पाहिले. जेवणात लक्ष नाही. साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिली, नाहीतर नोकरी गेली आणि क्वार्टरही. मी देवाला हात जोडत होते आणि त्याच हातांनी व्हॉल्व्ह आवळत होते.

शुक्रवारी हे घरी आले ते शांत. दोष सापडला म्हणाले. इंजिनाचा कुठलासा व्हॉल्व्ह आपल्याच हातून चुकून आवळला गेला होता, एवढंच मला सांगितलं, आणि तसं साहेबांना लिहून दिलं. नोकरी राहिली, पण इंजिनावरून काढून गोदामात टाकलं. मी अशी तडकले! एवढा हुशार माणूस आणि हा वेंधळेपणा, म्हणून वाट्टेल ते बोलले. ते लेकीला थोपटत राहिले.

रविवारी त्यांची खाकी पँट धुवायला घेतली. खिशात पुसायची चिंधी होती, तेलकट आणि हळदीनं पिवळीधम्मक. एवढी हळद फक्त माझ्या हातांची, भिंतीबाहेरच्या त्या व्हॉल्व्हवरची.

ओल्या हातांनीच मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आत्ता जाऊन साहेबांना सांगते म्हटलं. रडू आवरेना.

"अगं, बस," ते म्हणाले. "आज पाणी मी चुलीवर तापत ठेवलंय. लेकीला उठव."