मेडशीच्या उतारावरचा एकटा दिवा

मेडशीच्या अलीकडच्या उतारावर जो दिवा दिसायचा, तो माझ्या मोटारीचा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, ज्याची मोटार चालवली त्या मालकाला नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही. त्या दिव्याच्या गोष्टी लोक अजून सांगतात आणि मी मान हलवत ऐकून घेतो.

जर्मनीच्या लढाईची वर्षं होती. मी अकोला-वाशीम रस्त्यावर उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचो. पेट्रोल कुपनावर मिळे, तेही पुरत नसे. मोटारीचे बल्ब तर बाजारातून नाहीसेच झाले होते. दिवाळीच्या सुमारास माझ्या गाडीचा उजवा दिवा गेला. मालक म्हणाला, "डावा हाय ना? मंग चालव." डावा होता, पण बॅटरी थकलेली होती. इंजिन फिरत असलं की तो पिवळा जळे, आणि इंजिन बंद केलं की विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लाल होई.

आणि इंजिन मी बंद करायचो. मेडशीच्या आधी रस्ता सागाच्या जंगलातून मैलभर उतरत खाली नाल्याच्या पुलावर येतो. उतार लागला की मी किल्ली फिरवून इंजिन बंद करायचो, गिअर काढायचो आणि गाडी तिच्या वजनावर सोडून द्यायचो. पेट्रोल वाचे म्हणून मालक खूश असायचा. मला मात्र, खरं सांगायचं तर, ती शांतता आवडायची. दिवसभर कानात इंजिन घुमत असे आणि मग एकदम काहीच नाही. चाकांखाली सागाची वाळकी पानं चुरायची, तेवढंच. नाही म्हणायला ब्रेक वाजायचे. त्यांचे पट्टे झिजले होते. पाय दाबला की बारीक, लांबट आवाज निघे. गाडीतले लोक म्हणत, "डायवरभाऊ, मोटर कन्हून राह्यली तुमची. दवाखान्यात न्या तिले."

पौष महिना होता. नुकतीच दिवेलागण झाली होती आणि नाल्यावर धुकं साचलं होतं. गाडी अशीच बिनआवाजाची खाली येत असताना पुलाच्या तोंडाशी, अगदी रस्त्याच्या मधोमध, बैलाचे दोन डोळे चमकले. मी ब्रेक दाबला, तो कण्हला. भोंगा हाताशी होता, तो मात्र मी वाजवला नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. डोळे बाजूला वळले आणि खाली गेले, कुणीतरी ओढून नेल्यासारखे. मग लाकूड मोडल्याचा आवाज आला.

त्या बैलबंडीला कंदील नव्हता. राकेल तेव्हा कुणाच्याच घरी नसायचं. पुढे कितीतरी रात्री मी स्वतःला हेच समजावत पडायचो, की दिवा त्याच्याही गाडीला नव्हता.

पण त्या क्षणी मी काय केलं, ते सांगायचं आहे. मी थांबलो नाही, आणि इंजिनही लावलं नाही. पुलावरून गाडी तशीच, आवाज न करता, वळणापलीकडे जाऊ दिली आणि मग किल्ली फिरवली. म्हणजे मनाने काहीतरी ठरवलं होतं. मागून एका उतारूने विचारलं, "काय झालं?"

"काई नाही. बंडी आडवी होती, सरकली," मी म्हणालो. बाकीचे पेंगत होते.

चार दिवसांनी मेडशीच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. शेजारच्या बाकावर गावातली तीन-चार माणसं होती.

"एकच दिवा होता म्हंते. लाल. मानसाच्या छातीइतका उंच, अन् डोलत डोलत ये."

"मोटर असन."

"मोटरीचा आवाज कोसावरून येते बा. अन् मोटरीले दोन डोये असतात. हा तं कन्हत होता म्हंते. बाई कन्हते तसा."

हॉटेलवाला चहा गाळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पयली असन त्याची." त्यावर कुणी हसलं नाही.

मग सगळं कळलं. बंडीवाला पुलापासून आतल्या गावचा. त्याची पहिली बायको दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती. दुसरी वाशीमच्या वाटेवरच्या मालेगावकडची, जेमतेम वीस वर्षांची. तिच्या माहेराहून दोघं परत येत होते. बंडी नाल्यात गेली, एक बैल जागीच मेला, त्याचा हात मोडला. तिला खरचटलंसुद्धा नाही, आणि गावाने बोट ठेवलं ते नेमकं याच गोष्टीवर. आमच्याकडे पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी येते तेव्हा पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक तिच्या गळ्यात बांधतात. मेलेलीचा मान राहावा म्हणून. त्या दिवशी तो टाक हिच्या गळ्यात नव्हता. माहेरी आंघोळीला काढला, तो खुंटीवरच राहिला.

"पयलीनं पाह्यलं, आपलं नाव काई हिच्या गयात नाही. आली मंग इचाराले."

"पन इचाराचं तं नवीले इचारावं. बैलानं काय केलं होतं?"

"तुह्या बायकोले इचार, सवतीचा राग कोनावर निंगते ते."

एकाने माझ्याकडे वळून पाहिलं. "डायवरभाऊ, तुमी तं त्याच टायमाले जाता. तुमाले नाही दिसली?"

"त्याले कायची दिसते? त्याचं ध्यान पेट्रोलच्या काट्यावर," दुसरा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. लायसन गेलं असतं, मालकाने हाकललं असतं, बैलाची भरपाई मागितली असती. तिला मात्र घर राहिलं असतं. मी चहा संपवून उठलो.

आठवडाभर मी उतारावर इंजिन चालू ठेवलं. मग मालकाने कुरकुर केली, पेट्रोल कुठे जातं म्हणून, आणि मी पुन्हा किल्ली फिरवू लागलो. दिवा पुन्हा दिसू लागला. सरपण घेऊन येणाऱ्या बायांना दिसला, एका मेंढपाळाला दिसला. आता तर हिच्या गळ्यात टाक होता, पुलावर नारळ-लिंबू झालं होतं, तरी तो दिसतच होता. म्हणजे पहिलीला ही घरातच नको आहे, असं लोक म्हणू लागले.

महिन्याभराने अकोल्याला एक माणूस माझ्या गाडीत चढला. हात फळीला बांधलेला. मागे जागा नव्हती म्हणून मी त्याला माझ्या शेजारी बसवलं. पातूर सुटल्यावर त्याने आपणहून सांगायला सुरुवात केली आणि तो कोण हे मला कळलं.

"पोरगी वाईट नाही, भाऊ," तो म्हणाला. "कामाले चांगली हाय. माह्या मायले आता दिसत नाही, तं तिले हातानं जेवू घालते. पन भावकी म्हंते, तिले पाठवून दे, नाहीतं पयली तुले नेते. मी म्हनलं, अजून एक डाव पाहू. आता दिसला नाही तं नाही पाठवत."

सूर्य बुडाला होता. दिवा लावावाच लागला. उतार लागला आणि माझा हात सवयीने किल्लीकडे गेला. मुद्दाम केलं नाही, एवढं तरी माझं खरं मानावं. इंजिन थांबलं. पिवळा उजेड लाल झाला आणि सागाच्या बुंध्यांवरून, खड्ड्यांबरोबर डोलत, आमच्या पुढे पुढे सरकू लागला. मी ब्रेकवर पाय ठेवला. तो कण्हला.

त्या माणसाने धड हाताने माझा गुडघा धरला. त्याची बोटं थंडगार होती.

"दिसला?"

"काय?"

"थो पाहा ना. झाडाईवरून चालून राह्यला. आपल्या पुढंच."

मोटारीत पुढे बसून अंधार पडताना तो पहिल्यांदाच येत होता. स्वतः ज्या गाडीत बसलो आहोत तिचाच तो उजेड, हे त्याच्या मनातही आलं नाही. मी समोर पाहिलं. मलासुद्धा तो त्या घडीला दिवा वाटला नाही. कुणीतरी हातात काही धरून, मागे न बघता, आमच्या पुढे घराकडे चाललं होतं. आणि मी म्हणालो, "मले तं काई दिसत नाही."

त्याने हात काढून घेतला. अगदी हळू म्हणाला, "म्हंजे मलेच दिसते."

पुलाजवळ त्याला उतरायचं होतं. उतरून दोन पावलं पुढे आला असता आणि वळून बघितलं असतं, तर मोटारीचा एकच जळणारा डोळा त्याला दिसला असता. म्हणून गाडी थांबताच मी दिवा बंद केला. काळोखात तो मला दिसेना, नुसता आवाज आला.

"गेला, भाऊ. मी उतरलो तं गेला."

तिसऱ्या दिवशी त्याने तिला माहेरी पोचवलं.

हे हॉटेलात कळलं तेव्हा मी कधी नव्हे तो हललो. अकोल्यात एका भंगार लॉरीचा बल्ब मिळवला, उजवा दिवा लावला, बॅटरी बदलून घेतली, ब्रेकचे पट्टे बदलले, आणि उतारावर किल्लीला पुन्हा हात लावला नाही. मालक ओरडला, त्याला ओरडू दिलं. वाटलं, आता दिवा दिसणार नाही, लोक विसरतील, तो तिला परत आणेल.

दिवा दिसायचा थांबला. हॉटेलवाला म्हणाला, "ती गेली अन् उजीड गेला. आता अजून कायचा पुरावा पाहिजे?"

मी ती गाडी दुरुस्त केली नसती तर तो दिवा गाडीचाच आहे हे कदाचित कधीतरी कुणीतरी पकडलं असतं. माझ्या शहाणपणाने त्या पोरीच्या घराचं दार कायमचं लागलं.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली. लढाई संपून गेली होती. मालेगावला बाजाराच्या दिवशी ती भावाबरोबर गाडीत चढली. कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवून कुजबुजलं, म्हणून मला कळलं. टाक अजून गळ्यात होता. ज्या घराने काढून टाकलं त्या घरच्या मेलेल्या बाईचा मान ती अजून राखत होती. अंधारलं तसे मी दिवे लावले. आरशात पाहिलं तर तिने पदर डोळ्यांवरून खाली ओढून घेतला होता, आणि वाशीम येईपर्यंत तो वर केला नाही. मी उतरून सामान काढून दिलं. तिने "येतो दादा" म्हटलं. मी "या" म्हणालो.

तो माणूस अजून त्याच गावात आहे. आई गेली, त्याने पुन्हा लग्न केलं नाही. ती भावाच्या घरी आहे. दोन्ही गावं मला माहीत आहेत, दोन्हीकडे जायला आता एसटी आहे.

मला तिच्यासमोर आणि त्याच्या भावकीसमोर उभं राहून सांगायचं आहे की तो दिवा माझा होता, तो कण्हणारा आवाज माझ्या ब्रेकचा होता, आणि मला तो दिसत होता. हे मी अजून सांगितलेलं नाही.