सात लाटांचा फ्रॉक

एका कामासाठी जन्माला यावं आणि उभा जन्म भलत्याच कामात घालवावा, असा आमच्या शेजारच्या तांडेलकाकांइतका ठसठशीत नमुना अख्ख्या किनाऱ्यावर दुसरा सापडायचा नाही. चाळीस वर्षं त्यांनी शिडाच्या गलबतावर तांडेलकी केली. म्हणजे गलबत, त्यावरचा माल आणि त्यावरची माणसं सगळं त्यांच्या हुकमात. मंगळुरापासून कराचीपर्यंत एकही बंदर त्यांनी सोडलं नव्हतं, आणि कुठल्याही बंदरात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. पण देवाने त्यांना घडवलं होतं ते तान्ह्या मुलींचे फ्रॉक शिवण्यासाठी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. देवाच्याही हे जरा उशिराच लक्षात आलं असावं, कारण तोवर त्याने त्यांना सहा फूट उंची, पांढऱ्या झुपकेदार मिशा आणि सुकाणू पेलतील असे पंजे देऊन ठेवले होते.

मी घाटावरची. आमचे यजमान वेंगुर्ल्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागले, तेव्हा लग्नानंतरच्या दोन ट्रंका घेऊन मी तिथे आले. पहिल्याच दुपारी शेजारच्या ओट्यावर हे गृहस्थ दिसले. मांडीवर पांढरीशुभ्र मलमल, तोंडात निळा रेशमी दोरा आणि चेहऱ्यावर वादळात सापडल्यासारखा भाव. मी शेजारधर्म म्हणून विचारलं, "काका, तुम्ही शिंपीकाम करता वाटतं?" त्यांनी दोरा तोंडातून काढला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "शिंपी न्हय गो बाय. तांडेल." आणि पुन्हा दोरा तोंडात धरला. पुढचे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही काही कमी नाही. मीही बोलले नाही. पाचव्या दिवशी माझ्या पोलक्याचं बटण मीच लावलेलं त्यांनी पाहिलं, आणि त्यांना माझी इतकी कीव आली की बोलणं पुन्हा सुरू झालं.

ही विद्या त्यांनी पैदा केली होती पणजीला. तरुणपणी एकदा डोलकाठी मोडून त्यांचं गलबत सबंध पावसाळा तिथे अडकलं. ज्या घरात त्यांनी मुक्काम टाकला, तिथली म्हातारी बाप्तिस्म्याच्या बाळांचे चुण्यांचे फ्रॉक शिवायची. काकांना शिडं शिवायची सवय होतीच. चार महिने रिकाम्या हाताने बसणार कसं? म्हातारीच्या छपराला त्यांनी ताडपत्री शिवून दिली आणि बदल्यात चुण्या शिकून घेतल्या. गलबतावरच्या खलाशांनी यावरून त्यांची किती टर उडवली, हे ते कधी सांगत नसत. पण टर उडवणाऱ्या एकाला त्यांनी मालवणच्या बंदरात उतरवून चालत घरी पाठवलं होतं, एवढं मला काकींकडून कळलं.

त्यांच्या कामाची पद्धत पाहण्यासारखी होती. माडाच्या झावळीचा हीर निळीच्या पाण्यात बुडवून ते कापडावर टिंबं मारत. ओळीत ओळ, टिंबाखाली टिंब, आणि एक जरी टिंब हललं तरी कापड धुऊन पुन्हा पहिल्यापासून. मग प्रत्येक ओळीतून दोरा घालून ओढला, की हातभर कापड वीतभर होई आणि छातीवर बारीक चुण्या उभ्या राहत. त्या चुण्यांवरून रेशमाची नागमोडी वीण घालायची, तिला ते 'लाट' म्हणत. चार लाटांचा फ्रॉक शेजाऱ्यांच्या मुलांना, पाच लाटांचा नातेवाइकांच्या मुलांना, आणि सात लाटांचा फक्त स्वतःच्या नातवंडाला, असा त्यांचा कायदा होता. दोऱ्याच्या सुरुवातीला ते जी गाठ मारत तिचं नाव 'नांगर'. ती गाठ सोडवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. मुद्दाम सांगते, मी दातांनी प्रयत्न करून पाहिला आहे. शिडं शिवताना तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टा ते मलमल शिवतानाही बांधत. शिवणयंत्राला तर त्यांच्या उंबऱ्याच्या आत येण्याची बंदी होती. "आगबोट ती," ते म्हणत, "आवाज मोठो नि टाको खोटो." आगबोटींनी शिडाच्या गलबतांचं पोट मारलं, म्हणून जन्मात आगबोटीवर पाय ठेवणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली होती. मुंबईला जायचा सोपा रस्ता तोच, त्यामुळे मुंबईही त्यांनी सोडल्यातच जमा होती.

फ्रॉक पुरा झाला की त्याची परीक्षा असे. अंगणात त्यांनी एक डोलकाठी रोवली होती. तिच्यावर फ्रॉक चढवायचा, आणि समुद्रावरचा वारा सुटला की खाली उभं राहून पाहायचं. "वारो सारको भरलो तर पोर सुखान श्वास घेतला," असं त्यांचं शास्त्र. एकदा एक गुलाबी फ्रॉक डोलकाठीवरून सुटला तो थेट शेजारच्या माडाच्या शेंड्यात जाऊन बसला. माडावर चढणारा पाडेली दोन दिवस मिळाला नाही. येणारे-जाणारे मान वर करून पाहत, आणि काका खाली उभे राहून प्रत्येकाला सांगत, "चुणी बघा, चुणी! हाललीहा काय?"

मापं घेण्याचा त्यांना नादच होता. खिशात गाठी मारलेली दोरी कायम. बाजाराच्या दिवशी फोंडाघाटाहून आलेली एक बाई मूल खांद्यावर टाकून मिरच्या घेत होती. काकांनी मागून हळूच त्या मुलाच्या पाठीला दोरी लावली. बाईने वळून पाहिलं ते मिशा आणि गाठींची दोरी! माझ्या पोरावर करणी केली म्हणून तिने असा टाहो फोडला की अर्धा बाजार गोळा झाला. काका शांतपणे म्हणाले, "बाय, तुझो झील पाटीत रुंद आसा. हेका बाजारातलो कपडो काचतलो." बाई आणखीच भडकली. शेवटी मला पुढे होऊन हे गृहस्थ वेडे आहेत पण निरुपद्रवी आहेत, अशी ग्वाही द्यावी लागली. पुढच्या महिन्यात चार लाटांचं एक झबलं एसटीच्या ड्रायव्हरबरोबर फोंड्याला गेलं, आणि उलट टपाली तिकडून मिरच्यांची पिशवी आली.

आता मुख्य गोष्ट. काकांची एकुलती एक मुलगी सुमन लग्न होऊन मुंबईला गेली, त्याच आठवड्यात काकांनी सात लाटांचा पहिला फ्रॉक मांडला. वऱ्हाडाच्या पत्रावळी अजून परसात पडलेल्या होत्या. काकी कपाळावर हात मारून मला म्हणाल्या, "ह्येंका सांग गो तू काय तरी. जल्माक येवच्या आदी कपडे कोण शिवता?" मी सांगून पाहिलं. काकांनी मला सुई ओवायला लावली. फ्रॉक तीन वर्षं चालला. तिसऱ्या वर्षी सुमनला दिवस असल्याचं पत्र आलं आणि घरात खरं युद्ध पेटलं. सासरच्यांना बाळंतपण मुंबईच्या इस्पितळात हवं होतं, म्हणून काकी मेअखेरच्या शेवटच्या आगबोटीने जाणार होत्या. त्यानंतर पावसाळाभर बंदर बंद. काका जाणार नव्हते, शपथ होती. त्यांच्या वतीने फ्रॉक जाणार होता. आणि काकींनी ट्रंक भरायला घेताना सांगून टाकलं की तो ट्रंकेत जाणार नाही. "तान्या पोराक कोरो कपडो घालूचो नसता. धडधाकट पोरान वापरलेलो, जुनो, मऊ झालेलो होयो." यावर वाद नव्हता. ही रीत काकांनाही ठाऊक होती. तीन वर्षं शिवताना ते ती सोयीस्कर विसरले होते, एवढंच.

मग तांडेलांनी स्वतःच्या हातचा फ्रॉक जुना करायला घेतला. विहिरीवर नेऊन धोपटला. उन्हात घातला, दवात घातला, पुन्हा धोपटला. नांगर हलला नाही, लाट मोडली नाही, मलमल उलट जास्तच पांढरी झाली. काकी बोटाने चाचपून म्हणत, "कोरो." शेवटी काका फ्रॉक घेऊन माझ्याकडे आले. माझी मंजू तेव्हा आठ महिन्यांची, गुटगुटीत. "बाय, ह्यो तुझ्या चेडवाक घाल. रोज घाल." मी भारावूनच गेले, सात लाटांचा फ्रॉक, तोही आमच्या मंजूला! दोनच दिवसांत कळलं की हा मान नव्हता, नोकरी होती. काका सकाळ-संध्याकाळ तपासणीला येत. मंजूला उचलून कॉलर बघत, बाह्या बघत आणि निराश होऊन मला विचारत, "तुझा चेडू लाळ कित्याक गाळीत नाय? बरा आसा मां?" ती रांगायला लागली तेव्हा त्यांनी आमच्या सारवलेल्या जमिनीकडे पाहून नाक मुरडलं आणि तिला आपल्या अंगणातल्या धुळीत नेऊन सोडलं. एरवी मी भांडले असते. पण त्या माणसाच्या डोळ्यांत इतकी काकुळती होती, की मी मंजूला धुळीत लोळू दिलं.

बोटीला दोन दिवस उरले. दुपारी माझा जरा डोळा लागला आणि मंजूने परसात पडलेलं काजूचं बोंड गाठलं. मी जागी झाले तेव्हा ती ते दोन्ही हातांनी छातीशी धरून चोखत होती आणि रस सातही लाटांवरून ओघळत होता. ज्यांना कोकण ठाऊक नाही त्यांना सांगते, काजूच्या बोंडाचा डाग जन्मात जात नाही. मी लिंबू लावलं, मीठ लावलं, रिठा लावला. डाग तपकिरी होता तो काळपट झाला. मी अक्षरशः रडले. तीन वर्षांचं काम आणि एका माणसाचं नातवंडापर्यंत पोचायचं एकमेव साधन माझ्या झोपेने घालवलं होतं.

संध्याकाळी ओला फ्रॉक घेऊन मी त्यांच्या ओट्यावर गेले. काकी ट्रंक भरत होत्या. "काका, मला माफ करा," एवढंच बोलता आलं. काकांनी फ्रॉक हातात घेतला. उजेडात धरला. डागाचा वास घेतला. मग त्या सहा फुटी माणसाने अशी आरोळी ठोकली की कोंबड्या उडाल्या. "अगो, जुनो झालो! ह्यो बघ, जुनो झालो!" काकी आल्या. डागावरून त्यांनी बोट फिरवलं, नखाने खरवडून पाहिलं. काका श्वास रोखून उभे होते. काकींनी फ्रॉक दोरीवर वाळत घातला, आणि दुसऱ्या दिवशी घडी करून ट्रंकेत सगळ्यात वर ठेवला. मी अजून डोळे पुसत होते. काका मला म्हणाले, "माफी कित्याक गो? तीन वर्सां माका जमाक नाय, तां तुझ्या चेडवान एका बोंडान केल्यान."

पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या तशी सुमन लेकीला घेऊन आली. तोच फ्रॉक, तोच डाग. चार महिन्यांची पोर. चुण्यांमुळे फ्रॉक तिच्याही अंगासरशी बसला होता. बंदरावर काकांनी आधी तिच्या पाठीवरची शिवण तपासली, मग तिचं तोंड पाहिलं आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. पुढे सुमनच्या चारही मुलांच्या अंगावर तो फ्रॉक चढला.

मंजू नऊ वर्षांची झाली आणि यजमानांना मुंबईच्या शाळेत जागा मिळाली. आम्ही आगबोटीवर चढलो आणि पाहते तो खाली उतारूंना बोटीपर्यंत आणणाऱ्या पडावात काका उभे. त्यांना तोवर मोतीबिंदूने नीट दिसत नव्हतं. बोटीला हात न लावता, पडाव हलत असताना तोल सांभाळत त्यांनी एक पुडकं वर केलं. आत फ्रॉक होता. मी लाटा मोजल्या. सात. "काका, मंजू नऊ वर्षांची आहे हो! हा तिला कसा होणार?"

"तेका न्हय गो. तेच्या पोराक."

"अहो, पण त्याला अजून किती वर्षं..."

"म्हणानच आताच दितंय," ते खालून ओरडले. "जुनो होवक येळ लागता."

तीन वर्षांनी ते गेल्याचं सुमनचं पत्र आलं. फ्रॉक माझ्या ट्रंकेत आहे. दर दिवाळीनंतर मी त्याला ऊन दाखवते. चौथ्या लाटेपासून वीण तिरकी होत गेली आहे, सातवी तर पार काखेकडे निघाली आहे. पण नांगर पक्के आहेत. मंजू आता पंधरा वर्षांची, फ्रॉक पाहून हसते, आणि मला काका आठवून भरून येतं. एवढी वर्षं झाली, तरी फ्रॉक कोराच दिसतो. काही हरकत नाही. वेळ येईल तेव्हा मी वेंगुर्ल्याहून काजूचं एक बोंड मागवणार आहे.