उशीवरून समुद्र

समजा, तुम्हाला एक काम मिळालंय. परक्या पलंगावर आडवं व्हायचं, डोकं उशीवर टेकायचं आणि मान न उचलता खिडकीतून समुद्र शोधायचा. दिसला, तर खोलीच्या दारावर निळा पट्टा ओढायचा. नाही दिसला, तर निमूट उठून चादर सारखी करायची. सोपं वाटतंय? माझे मामा गेली कित्येक वर्षं हेच करतात, आणि मामीच्या मते त्यांना अजून धड झोपताही येत नाही.

आमचं शहर तेव्हा गावच होतं. खाणावळीच्या वर दोनचार खोल्या, बस्स. समुद्र दिसतो म्हणून एका पाहुण्याने खोली घेतली आणि समुद्र दिसला तो न्हाणीघरात, पालथ्या बादलीवर उभं राहिल्यावर. भांडण एवढं पेटलं की खोलीवाल्यांनी नियमच केला: उशीवरून दिसला तरच समुद्र. तपासायला माणूस हवा तटस्थ, म्हणजे ज्याची स्वतःची खोली नाही असा. मामा रंगारी, त्यात तेव्हा भाड्याच्या घरात. नेमणूक झाली.

खोलीवाले काय कमी? कोणी उशांची चळत रचे, कोणी पलंगाखाली विटा सारी. तेव्हापासून मामा स्वतःची उशी काखेत मारून फिरतात. एकदा त्या उशीवर त्यांचा डोळा लागला. जाग आली तर नवं जोडपं सामानासकट दारात. "तपासणी चालू आहे," म्हणून मामांनी पुन्हा डोळे मिटले.

मग गाव फुगलं. दुमजलीपुढे चारमजली, चारमजलीपुढे आठमजली. प्रत्येक नव्या इमारतीने मागच्या इमारतीचा समुद्र गिळला. मामांच्या हातात ब्रश कमी आणि पट्टा खरवडायचा पत्रा जास्त दिसू लागला. काखेत उशी घेतलेला माणूस लांबून दिसला की लोक दारं लावून घेत.

आणि यंदा मामीला माहेरचं घर मिळालं, आणि तिनेच माडीवर पाहुण्यांसाठी खोली काढली. शिलाई मशीन विकून पलंग आणला. "घर माझ्या माहेरचं, खोली माझ्या नावावर," तिने आधीच सांगून टाकलं. "तुम्ही तटस्थच." पट्ट्याशिवाय पाहुणा जिना चढत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मामा उशी घेऊन आडवे झाले. मामी निळ्या रंगाचा डबा उघडून उभी. जिन्यात शेजारचा लॉजवाला. त्याचा पट्टा मामांनी नुकताच खरवडला होता, त्यामुळे तो मुद्दाम आला होता.

"दिसतो?" मामीने विचारलं.

"दिसतो," मामा म्हणाले. "पण काचेत."

रस्त्याच्या वळणावर नवं काचेचं हॉटेल तिरकं उभं राहिलं होतं. आमच्या खिडकीतून ते दिसे आणि त्याच्या काचेत अख्खा समुद्र.

"नाव उलटी चाललीय," मामा म्हणाले. "बंदर तिकडे आहे."

"पाहुण्याला नाव बघायचीय, हाकायची नाही."

लॉजवाला म्हणाला, "वहिनी, हे चालत असेल तर मी उद्या कपाटाचा आरसा गच्चीवर टांगतो."

"टांगा की. आधी त्यात स्वतःचं तोंड बघून घ्या."

मी नुकताच इंजिनीअर झालेलो. म्हणालो, किरण शेवटी समुद्रावरूनच येतात.

"बघा, शिकलेला भाचाही माझ्याच बाजूने आहे," मामी म्हणाली.

तेवढ्यात त्या हॉटेलात कोणीतरी खिडकी उघडली. काच फिरली आणि समुद्राच्या मधोमध एक भाजीवाला आला. लॉजवाला खोकला. खिडकी मिटली, भाजीवाला बुडाला, समुद्र परत जागेवर.

मामा उठेनात. उठलं की निकाल द्यावा लागणार. पट्टा ओढला तर गावभर आरसे लागतील. नाही ओढला तर रात्री याच घरात जेवायचंय. रंगावर साय धरली. लॉजवाला कंटाळून पायरीवर बसला.

शेवटी मामांनी मान न उचलता मला खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तू शिकलायस, तूच सांग. हे मला जे दिसतंय, तो समुद्र धरायचा की काच?"